'विदेशी शास्त्रज्ञांनीही मान्य केले'

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. ठळक अक्षरं, दोन्ही टोकांना जोडलेले हात: 'मातीतले जिवाणू कॅन्सर बरा करतात! आता विदेशी शास्त्रज्ञांनीही मान्य केले!!' पाठवणारा माझा चुलतभाऊ विकास. चार वर्षांपूर्वी त्याने युरिया बंद केला, आता जिवामृतावर शेती करतो. तीन मिनिटांत खाली राजूचं उत्तर: 'थोतांड. म्हातारीला गप डॉक्टरकडे नेत जा.' राजू दुसरा चुलतभाऊ, तालुक्याला त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. म्हातारी म्हणजे आमची आत्या. स्तनाच्या कॅन्सरसाठी तिचे केमो चालू आहेत आणि या दोघांपैकी कुणीही तिला काही विचारलेलं नाही.

मला चीड आली ती त्या 'ही'ची. शास्त्रज्ञांनीही. म्हणजे आपल्याला हे आधीपासून ठाऊकच होतं, गोऱ्यांना आत्ता कळलं. मी चौदा वर्षं नेदरलँड्समधल्या वाखनिंगेनमध्ये राहते. मातीतल्या जिवाणूंवर काम करणाऱ्या जगातल्या चांगल्या प्रयोगशाळांपैकी एक माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे. माझं स्वतःचं काम काचघरांच्या सॉफ्टवेअरचं, पण इथे ज्याच्या त्याच्या जेवणाच्या डब्याशेजारी मातीच्या गप्पा चालतात, त्या कानांवर पडतातच. त्या रात्री अकरा वाजता मी ग्रुपवर दोन स्क्रीनभर उत्तर लिहिलं. आईने त्याला अंगठा दिला. बाकी कुणी काही बोललं नाही.

मेसेज साफ खोटा असता तर बरं झालं असतं. आत्याला दर एकवीस दिवसांनी जे लाल औषध देतात, नर्स शेजारी बसून मोठ्या सिरिंजने हळूहळू शिरेत सोडते ते, त्याचं नाव डॉक्सोरुबिसिन. पहिल्या सायकलनंतर लघवी लाल झाली, तेव्हा आत्या घाबरली आणि कुणाला न उठवता रात्रभर पलंगावर बसून राहिली. दवाखान्यात आधी सांगितलं होतं म्हणे, पण सांगितलं होतं मुलाला. तर तो लाल रंग मातीतल्या एका जिवाणूचा आहे. इटलीच्या दक्षिणेकडे कास्तेल देल मोंते नावाचा तेराव्या शतकातला किल्ला आहे. त्याच्या परिसरातल्या मातीतून १९५० च्या दशकात एका इटालियन औषध कंपनीच्या लोकांनी स्ट्रेप्टोमायसीस घराण्यातला एक जिवाणू वेगळा केला, जो लाल रंगद्रव्य तयार करायचा. त्यातून आधी डॉनोरुबिसिन हे कॅन्सरवरचं औषध मिळालं, आणि त्याच जिवाणूत उत्परिवर्तन घडवून पुढे आत्याचं औषध. त्याही आधी १९४० मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समनच्या प्रयोगशाळेत मातीतूनच ॲक्टिनोमायसिन निघालं. जिवाणू मारायला शोधलेलं, पण माणसालाही इतकं विषारी की बाजूला ठेवावं लागलं. पुढे त्याच विषाचा एक प्रकार लहान मुलांच्या किडनीच्या कॅन्सरवर कामी आला.

म्हणून 'मातीत औषध आहे' हे वाक्य विकासने म्हटलं तर मी त्याला खोटं ठरवू शकत नाही. पण मातीत आहे ते विष. शेजारच्या जिवाणूला, बुरशीला हुसकावायला एका जिवाणूने केलेलं. त्याचं औषध होतं ते माप ठरवल्यावर, आणि ते माप ठरवायला माणसांची आख्खी कारकीर्द जाते. डॉक्सोरुबिसिनचंच बघा: हृदयाला इजा करतं म्हणून आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढतात, आणि जन्मभरात एकूण किती द्यायचं यालाही मर्यादा असते. ढवळून ठेवलेल्या ड्रममध्ये ही मर्यादा कोण पाळणार?

विकासचा ड्रम मी पाहिलाय. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. वर गोणपाट. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. एका एकराला पुरतं. मेसेजच्या दुसऱ्या दिवशी त्याचा बेत ठरला: आत्याला रोज सकाळी अनवाणी शेतात फिरवायचं आणि ड्रम तिच्या हातून ढवळून घ्यायचा, म्हणजे चांगले जिवाणू अंगात जातील. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी आत्याच्या पांढऱ्या पेशी पार खाली येतात. त्या दिवसांत माती, शेण, कुजलेला पालापाचोळा यांपासून लांब राहा असं सांगतात, कारण त्यातली एखादी साधी बुरशी, जी तुमच्याआमच्या नाकातून रोज आतबाहेर करते, ती अशा माणसाच्या फुप्फुसात घर करू शकते. हे मी लिहिलं. तेव्हा विकासचं उत्तर आलं: 'ताई, तू मातीला घाबरायला तिकडे शिकलीस.'

हे लागलं. लागायला नको होतं, पण लागलं.

त्याच्या मेसेजचं मूळही मला सापडलं, निदान एक मूळ. मायकोबॅक्टेरियम व्हॅकी नावाचा मातीतला जिवाणू आहे. उष्णतेने मारलेल्या या जिवाणूचं इंजेक्शन फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना केमोच्या जोडीला देऊन पाहिलं, ब्रिटनमध्ये. निकाल २००४ मध्ये छापून आले. रुग्णांना बरं वाटत होतं, पण आयुष्य वाढलं नाही. बरं का वाटलं, हे शोधायला मग काहींनी उंदरांच्या मेंदूत डोकावलं, त्यातून 'माती मन प्रसन्न करते' निघालं, आणि तिथून पुढे दर फॉरवर्डमागे एकेक शब्द गळत 'माती कॅन्सर बरा करते' इथवर आलं. 'आयुष्य वाढलं नाही' हे तीन शब्द वाटेत कुठे पडले ते कोणी मागे वळून बघितलं नाही.

आता राजू. थोतांड म्हणायला त्याला तीन मिनिटं लागली, म्हणून त्याचाही हिशेब. २०११ मध्ये इथल्याच संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात शुगरबीटच्या मुळांवरचं काम छापलं. काही शेतांत रोगाची बुरशी असूनही रोपं मरत नाहीत. ती माती ८० अंशांपर्यंत तापवली की तिचा गुण जातो. आणि रोगट मातीत त्या चांगल्या मातीचा दहावा हिस्सा मिसळला की गुण बऱ्यापैकी उतरतो. मुळाभोवती तेहतीस हजारांवर जिवाणूंच्या जाती मोजल्या, आणि रोग थोपवणारा एकटादुकटा नव्हता, टोळीच होती. तेव्हा बांधावरची मूठभर माती ड्रममध्ये टाकणं हा वेडेपणा नाही, त्यामागे कुणाचं तरी बारीक निरीक्षण आहे. फक्त एकराला मूठ आणि दहावा हिस्सा यात फरक आहे, तो विकासने मोजलेला नाही. राजूने तर काहीच मोजलेलं नाही, आणि तोच राजू हरभऱ्याच्या मर रोगासाठी ट्रायकोडर्माची पाकिटं विकतो. ती जिवंत बुरशी आहे, राजू. पत्र्याच्या दुकानात एप्रिल-मेभर तापलेली. बीजप्रक्रियेला तीच भुकटी रासायनिक बुरशीनाशकात कालवून द्यायची आणि मग म्हणायचं, जैविक काही कामाचं नाही.

'विदेशी'चं एक मात्र राहवत नाही. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी आहे, १९५४ पासून. तिथे तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक स्ट्रेप्टोमायसीस शोधला, त्याचं नावच पिंप्रिना ठेवलं. त्यातून निघालेलं बुरशीवरचं औषध हॅमायसिन, कंपनीच्या आद्याक्षरांवरून. तिथलंच ऑरिओफंजिन पिकांच्या रोगांवर फवारलं गेलं. मातीतला जिवाणू, पिकाचं आरोग्य, माणसाचं औषध, सगळं पुण्याच्या वेशीवर. ग्रुपवर आजवर कुणी हे फॉरवर्ड केलं? मनसुख वाणी नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेले आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल ही कॅन्सरवरची द्रव्यं शोधली. आत्याला लाल औषधानंतर टॅक्सॉलच द्यायचं ठरलंय. आणि कॅम्प्टोथेसिन ज्यात भरपूर सापडतं ती आपली नरक्या, सह्याद्रीतली, चोरून तोडून पोत्यांनी बाहेर गेली. त्या झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीतही ते द्रव्य सापडलंय, म्हणजे कदाचित झाड न तोडताही चाललं असतं. याचा राग कुणाला येत नाही. 'विदेशी शास्त्रज्ञांनीही' म्हटलं की छाती फुगते.

सुरेन सेहगल यांची गोष्ट मी फार वेळा सांगते, घरात सगळे वैतागलेत. जन्म आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा. माँट्रियलच्या औषध कंपनीत त्यांनी ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून रापामायसिन नावाचं द्रव्य काढलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली. यांनी जिवाणूच्या कुप्या घरी नेऊन फ्रीझरमध्ये ठेवल्या, आणि कुटुंबाबरोबर त्याही दुसऱ्या देशात हलवल्या. त्याच रेणूची भावंडं आज किडनीच्या कॅन्सरवर वापरतात. सेहगल २००३ मध्ये कॅन्सरनेच गेले. ही गोष्ट मला का इतकी आवडते, ते मला खरं तर माहीत आहे. परदेशात गेलेला माणूस, परक्या मातीची कुपी जपणारा. स्वतःची तुलना कुणाशी करावी यालाही काही मर्यादा हवी.

इथे हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर, पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतो, आणि असले मेसेज कुणी पाठवत नाही, असं मी ग्रुपवर ठासून लिहिलं होतं. शेजारची मारेके अक्करमान्सियाच्या गोळ्या घेते, हे लिहिलं नाही. तो आतड्यातला जिवाणू २००४ मध्ये याच गावात पहिल्यांदा नोंदवला गेला आणि त्याला इथल्या अक्करमान्स यांचं नाव दिलं. गंमत म्हणजे त्या माणसाने सुरुवात केली होती झाडाच्या मुळांवरच्या, नत्र धरणाऱ्या गाठींपासून. २०१८ मध्ये दिसलं की इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारा उपचार) ज्यांना लागू पडते, त्यांच्या आतड्यात हा जास्त वेळा सापडतो. झालं, गोळ्यांची जाहिरात सुरू. पुढे २०२१ च्या एका अभ्यासात ज्यांच्या खाण्यात चोथा पुरेसा होता त्यांना उपचार जास्त मानवला, आणि दुकानातल्या प्रोबायोटिकचा फायदा काही दिसला नाही. उंदरांत तर उलटाच परिणाम झाला. मारेकेला मी हे सांगितलेलं नाही. ती माझ्या मांजराला सांभाळते.

आणखी पुष्कळ लिहिलं नाही. मी ज्या काचघरांसाठी काम करते तिथले टोमॅटो मातीत वाढतच नाहीत, दगडी लोकरीच्या लाद्यांवर वाढतात. इथल्या द्रेन्थ प्रांतातल्या एका गावातले लोक लिलीच्या शेतावरच्या फवारणीविरुद्ध कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये कोर्टाने बहुतेक औषधं थांबवली. युरोपात बंदी असलेली कीटकनाशकं युरोपातूनच बाहेर विकली जातात. आणि २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करता करता वीसहून अधिक माणसं मेली, तेव्हा मी इथल्या सहकाऱ्यांना 'आमच्याकडे ना, हातमोजेच घालत नाहीत' असं सांगितलं होतं. आमच्याकडे. ते वाक्य अजून कानात आहे.

विकासला न सांगितलेली एक गोष्ट इथे लिहून टाकते. युरोपीय संघाबाहेरून माती आणायला इथे बंदी आहे, रोगजंतू येतात म्हणून, आणि नियम योग्यच आहे. माझ्या कपाटात मोज्यांच्या खणात एक स्टीलची डबी आहे. पहिल्यांदा निघाले तेव्हा आत्याने बांधावरची काळी माती भरून दिलेली. तिसऱ्या वर्षी एकदा उघडली, तर ढेकूळ होऊन विटेसारखी झाली होती. वास नव्हता. या आठवड्यात, त्या 'मातीला घाबरायला शिकलीस'नंतर, पुन्हा उघडली, चार थेंब पाणी टाकलं आणि नाक लावलं. काही नाही. झाकण सैल ठेवून झोपले. सकाळी कपाट उघडलं तर मोज्यांना पहिल्या पावसाचा वास येत होता. तो वास जिओस्मिनचा, आणि तो करणारे मुख्यत्वे हेच स्ट्रेप्टोमायसीस, बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून राहतात. आत्याला फोन करून सांगावंसं वाटलं. पण तिला अजून डबी आठवतेय का, हे विचारायची हिंमत झाली नाही. आणि दवाखान्यात तिच्या उशाशी बेसिन धरून उभी असते ती विकासची बायको.

ड्रम आत्याने ढवळला नाही. विकासने तिला लांबूनच शेत दाखवलं, ओट्यावर खुर्ची टाकून. मग परवा रात्री त्याने मला वेगळा मेसेज केला, ग्रुपवर नाही: 'ताई, हरभऱ्याला ट्रायकोडर्मा लावायचं म्हणतो. किलोला किती लावू आणि चांगलं कुठलं?' मी तीन शोधनिबंध उघडले. तासाभरात मला इतकंच कळलं की मला माहीत नाही. शेवटी मी राजूला विचारलं.

राजूचं उत्तर तीन मिनिटांच्या आत आलं: 'पाच ग्रॅम. कालच ताजा माल उतरवलाय, सावलीत ठेवलाय. त्याला सांग, सकाळी ये.'