ज्यांच्याकडे पेशंट येत नाहीत असे डॉक्टर

माझी भाची सिंधुदुर्गातच मेडिकलच्या मुलांना अ‍ॅनाटॉमी म्हणजे शरीररचनाशास्त्र शिकवते. एमबीबीएस झाल्यावर तिने मुद्दाम हाच विषय घेऊन एमडी केलं. गावात मात्र अजून विचारतात, "मगे तुझो दवाखानो खंय?" दवाखाना नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे पोस्टमार्टम करतंस?" मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

पोस्टमार्टम हा न्यायवैद्यकाचा प्रांत. माणूस कशाने मेला हे ते शोधतात. शरीररचनाशास्त्रज्ञाचा अभ्यास वेगळा. कुठलं हाड कशाला जोडलंय, कुठली रक्तवाहिनी कशाच्या खालून जाते, कुठला मज्जातंतू कुठे वळतो आणि माणसामाणसात यात काय फरक पडतो, हे तो जाणतो आणि शिकवतो. अवयव काम कसं करतात हे शरीरक्रियाशास्त्र सांगतं. आयुर्वेद कॉलेजात याच दोन विषयांना रचना शारीर आणि क्रिया शारीर म्हणतात.

याचा आपल्याला काय उपयोग? पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय सरकतो आणि माणूस हात टेकून पडतो. हे आपल्याकडे घरोघरी होतं. मनगट थोडंसं सुजतं, मुरगळलं असेल म्हणून लेप लावून लोक कामाला लागतात. अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी एक खळगा दिसतो. तिथे दाबून दुखलं तर मात्र दुर्लक्ष करू नका. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं होडीच्या आकाराचं छोटं हाड असतं. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या बाजूने शिरतं आणि तिथून उलटं, कोपराच्या दिशेने येतं. हाड मधोमध मोडलं तर कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. मग तो तुकडा सांधत नाही, कधी कधी मरतोसुद्धा. त्यात पहिल्या एक्स-रेमध्ये ही चीर बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून एखादा तरुण डॉक्टर एक्स-रे चांगला असूनही हात बांधून देतो आणि दोन आठवड्यांनी परत बोलावतो. लोक म्हणतात, पैसे काढतोय. अहो, त्याला पहिल्या वर्षी कुणीतरी ते हाड हातात देऊन रक्त कुठून शिरतं ते दाखवलेलं असतं! कमरेचं इंजेक्शन वरच्या, बाहेरच्या भागात देतात तेही असंच. जागा चुकली तर पायाकडे जाणाऱ्या जाड मज्जातंतूला इजा होऊन पाय लुळा पडू शकतो.

हे ज्ञान नुसतं वाचून येत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायला आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने थर खरवडून डोळ्यांनी पाहायला सांगितलंय. युरोपात शतकानुशतकं गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचा शब्द प्रमाण होता, आणि त्याने बरीचशी विच्छेदनं माकडांची केलेली. खालचा जबडा दोन हाडांचा असतो, हे त्याचं मत. पुढे व्हेसेलियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने स्वतः माणसाचे देह उघडून पाहिले आणि १५४३ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जबडा एकाच हाडाचा असल्याचं छापून सांगितलं. आपल्याकडे १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी विच्छेदन केलं. मूळचे ते आयुर्वेद शिकवणारे. प्रेताला हात लावला म्हणून समाज काय म्हणेल याची त्यांना कल्पना नसेल का? तरी त्यांनी केलं.

आता ही गोष्ट आपल्या दाराशी आली आहे. अलिबाग आणि सिंधुदुर्गातल्या ओरोसला २०२१ मध्ये, रत्नागिरीला २०२३ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डेरवणचं खासगी कॉलेज त्याआधीपासून आहे. कोकणात डॉक्टर टिकत नाहीत म्हणून आपण इतकी वर्षं ओरडलो. मग इथे शिकणाऱ्या मुलांना शिकायला देह कुणी द्यायचे? मला वाटतं, आपणच. मी माझा देहदानाचा संकल्प केलाय आणि घरच्यांनाही सांगितलंय.

अडचणी खऱ्या आहेत. मुंबईचा मुलगा येईपर्यंत माणसाला ठेवायचं ही आपली रीत, आणि देह तर काही तासांत पोचवावा लागतो. भर पावसात घाटीतल्या वाडीवरून ते सोपं नाही. गती मिळणार नाही ही भीती आहेच. पण दर्यात गेलेल्या माणसाचं शरीर कधी कधी हातीच लागत नाही, तरी त्याचे दिवस आपण घालतोच ना? आणि 'चिरफाड' हा शब्द तर कृपा करून वापरू नका. पुष्कळ ठिकाणी मुलं पहिल्या दिवशी त्या देहापुढे उभी राहून शपथ घेतात. देहदात्याला माझी भाची 'आमचे पहिले गुरू' म्हणते.

ज्यांना करायचंय त्यांनी कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मागावा. साक्षीदारांच्या सह्या लागतात. घरच्यांशी आधी बोला, कारण वारसांनी ऐन वेळी नकार दिला तर अर्ज तसाच राहतो. मृत्यूनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो. पोस्टमार्टम झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेल्यांचा देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान करून देहदानही करता येतं, मात्र डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. विभागाचा फोन नंबर घरात सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवा.