पन्नास रुपये कसले घेतले मग?

रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढलो. वर मडक्यातलं दही, पिठलं-भाकरी, सगळं रीतसर झालं. साडेदहाला खाली उतरलो तर गाडीच्या मागच्या डाव्या काचेचा साबुदाणा होऊन सीटवर सांडलेला!

गेलं काय? बायकोची सॅक. त्यात सुके कपडे, चपला, अर्धा डबा चिवडा आणि घराच्या किल्ल्या. चिवडा खा बाबा, पण किल्ल्यांचं काय लोणचं घालणार आहेस? लॅच बदलायचा खर्च मला.

पाच वाजता अंधारात टॉर्च नाचवत पार्किंगचे पन्नास रुपये घेणारा वीर तेव्हा कुठे होता? त्याने पावती उलटी करून दाखवली. 'वस्तूंची जबाबदारी आमची नाही.' मग पन्नास रुपये कसले घेतले? झाडाच्या सावलीचे?

वाटेत चौकीवर गेलो. ‘साहेब, हद्द आमची नाही.’ अहो, 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची असते. हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू काच मीच फोडली.

विम्याचं तर बोलूच नका. पाच वर्षं एकही क्लेम न करता नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, 50 टक्क्यांवर नेलाय. आता एका काचेसाठी तो घालवू? आणि सॅक माझ्या पॉलिसीत बसतच नाही.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते नातेवाइकांनी. ‘सीटवर कशाला ठेवायची? डिकीत ठेवायची ना!’ म्हणजे चोर बाजूला, गुन्हेगार आम्ही. एक मावसभाऊ म्हणतो, डॅशबोर्डचा कप्पा उघडा ठेवून जायचं, आत काही नाही हे चोराला दिसलं पाहिजे. वा! आता गाडीने चोराला हिशोबही द्यायचा. आणि मी गडावर जाऊन तानाजी कड्याकडे बघायचं की पार्किंगकडे?

परत येताना खडकवासल्याला नेहमीचा ट्रॅफिक. खिडकीला चिकटवलेली प्लॅस्टिकची पिशवी फडफडतेय, फटीतून कणसं भाजल्याचा धूर थेट आत. बायको एवढंच म्हणाली, “स्वारगेटहून बस येते पायथ्यापर्यंत.”

सीट तीनदा झाडली. आज ऑफिसला जाताना तरी एक खडा टोचलाच, कुठे ते सांगत नाही.