‘त्रास सगळ्यांनाच होतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कर्णबधिर फिर्यादींविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपल्या घरफोडीच्या फिर्यादीसाठी दोन वर्षे ठाण्याच्या कोर्टनाक्यावर तारखांना जाऊन आपण थकलात, आणि म्हणून आपले म्हणणे असे की, पोलीस ठाणे व न्यायालय ऐकू येणाऱ्यालाही तितकेच छळते, कर्णबधिरांना वेगळे काढून मी त्यांना उगाच बिचारे ठरवते आहे, आणि शेवटी ‘बोलता येत नसेल तर कागदावर लिहून द्यावे, इतके सोपे आहे.’

आपला त्रास मी नाकारत नाही. नेरुळमध्ये माझे मंगळसूत्र खेचले गेले तेव्हा मीही चार तास बाकावर बसून होते आणि पुढे काय झाले ते मला आजही कुणी सांगितलेले नाही. पण त्या चार तासांच्या शेवटी जे घडले ते इथे महत्त्वाचे आहे. ठाणे अंमलदारांनी फिर्याद वाचून दाखवली, त्यात ‘काळ्या रंगाची मोटारसायकल’ असे होते, मी ‘काळी नव्हे, गडद निळी’ म्हणाले आणि त्यांनी ते तिथल्या तिथे दुरुस्त केले. तो जबाब माझा होता. विलंब, हेलपाटे, तारखा हे सगळे त्यानंतरचे.

माझी मामेबहीण जन्मतः कर्णबधिर आहे, महापे येथे नोकरी करते, आणि बिचारी म्हणवून घेणे तिला मुळीच आवडत नाही. ठाणे पूर्वेला तिची पर्स हिसकावली गेली तेव्हा ती भावाला घेऊन फिर्याद द्यायला गेली. भावाला घरातल्या खुणा येतात: जेवण, बाजार, उशीर, आजारपण. तिची सांकेतिक भाषा त्याला येत नाही. प्रश्न भावाला विचारले गेले, उत्तरेही त्यानेच दिली, आणि फिर्यादीत ‘एका अनोळखी इसमाने’ असे लिहिले गेले. प्रत्यक्षात ती जीव तोडून सांगत होती की माणसे दोन होती आणि त्यांपैकी एकाला ती रोज आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाहते. कागदाच्या शेवटी मात्र नेहमीचे वाक्य होते: ‘वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ त्याखाली तिची सही आहे. जिला ऐकू येत नाही तिला तो वाचून दाखविला, असे सरकारी कागद सांगतो आणि त्यावर कुणालाही अडखळावेसे वाटले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मग तिने लिहूनच का दिले नाही? आपला हा मुद्दा हलका नाही. राजस्थानातील एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटले आहे की, साक्षीदाराला लिहिता-वाचता येत असेल तर तीच पद्धत खुणांपेक्षा अधिक समाधानकारक होय. पण त्यातले ‘येत असेल तर’ सोडून चालणार नाही. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक आहे त्यांच्यासाठी मराठी ही दुसरी भाषा असते, आणि तीही कानावर न पडता शिकलेली. सांकेतिक भाषेचे व्याकरण निराळे आहे. आपण क्रियापदाच्या रूपातून काळ दाखवतो, तिथे तो वेगळ्या खुणेने सांगावा लागतो, आणि ‘कोण’, ‘कुठे’ हे प्रश्नशब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. शिवाय शाळेत अनेक वर्षे ओठ वाचणे आणि उच्चार काढणे यांवरच भर राहिला, त्यामुळे शिकलेल्या कर्णबधिर व्यक्तीचे लेखनही पुष्कळदा तुटक असते. बहिणीने खरोखरच एका चिठ्ठीवर ‘माणूस दोन पर्स ओढ एक रोज बघ’ असे लिहिले होते. ती चिठ्ठी कुणी कागदपत्रांत घेतली नाही.

त्याच २०१२ च्या निकालातला दुसरा भाग मला अधिक बोलका वाटतो. त्या खटल्यातील प्रत्यक्षदर्शी साक्षीदार बोलू-ऐकू न शकणारी स्त्री होती, आणि दुभाषा होता तिचा स्वतःचा बाप. त्याला शपथ दिली गेली नव्हती व त्याचा प्रकरणात हितसंबंध होता, म्हणून तिची साक्ष विश्वासार्ह मानली गेली नाही आणि आरोपीची निर्दोष मुक्तता कायम राहिली. नातेवाईकाला पुढे करणे पोलिसांना सोयीचे, घरच्यांनाही आपुलकीचे वाटते. त्याची किंमत उलटतपासणीत फिर्यादी मोजते. आणि गुन्हा घरातल्याच माणसाने केला असेल तर?

एका बाबतीत मात्र मी चुकले आणि आपण ते बरोबर पकडलेत. प्रत्येक फिर्यादीच्या वेळी दुभाषा बंधनकारक आहे, असे मी लिहिले होते. ते तसे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मधील तरतूद, म्हणजे दिव्यांग फिर्यादीच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या ठिकाणी जाऊन दुभाषा वा विशेष शिक्षकासमोर फिर्याद नोंदवणे आणि तिचे चित्रीकरण करणे, ही लैंगिक अत्याचार व अ‍ॅसिडहल्ल्यासारख्या ठरावीक गुन्ह्यांपुरतीच आहे. न्यायालयात साक्ष होताना भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १२५ बोलू न शकणाऱ्या कोणत्याही साक्षीदाराला दुभाषा आणि चित्रीकरण देते, मग गुन्हा कोणताही असो. म्हणजे चोरीच्या फिर्यादीत न्यायालयात दुभाषा मिळेल, पण ज्या पहिल्या जबाबाशी तिथली साक्ष ताडून पाहिली जाईल तो जबाब दुभाष्याशिवायच लिहिलेला असेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १२ व्यक्तीच्या पसंतीच्या भाषेत साक्ष नोंदवण्याच्या सोयी करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत ते पोचलेले मला तरी दिसले नाही. मूळ लेखात ही दुरुस्ती केली आहे.

दुभाषे मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. तरी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचे प्रशिक्षण होते, आणि वाशी किंवा ठाण्याच्या पोलीस ठाण्यातून व्हिडिओ कॉल लावण्यासाठी कुणाला खाडी ओलांडून यावेही लागत नाही.

बहिणीचा पुरवणी जबाब तीन आठवड्यांनी, कर्णबधिरांच्या शाळेतील एका शिक्षिकेच्या मदतीने नोंदवला गेला. त्यात दोन माणसे आहेत, ओळखीचा चेहराही आहे. बचाव पक्षाचे वकील हे सगळे मागाहून सुचलेले आहे असे म्हणतील, कारण पहिल्या कागदावर तिची सही आहे. म्हणून यापुढचा तिचा प्रत्येक जबाब चित्रित करावा, असा लेखी अर्ज तिने तपास अधिकाऱ्यांना दिला आहे. लिहिलेल्या जबाबात फक्त दुभाष्याचे शब्द उरतात. चित्रीकरणात तिचे हात दिसतील, आणि शंका आली तर दुसरा दुभाषा ते पुन्हा पाहून तपासू शकेल. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही.