९५० डॉलरपर्यंत चोरी माफ? नाहीये हो तसं

"कॅलिफोर्नियात ९५० डॉलरपर्यंत चोरी केली तर पोलीस काहीच करत नाहीत" हा मेसेज पुन्हा फिरतोय, फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले, म्हणून लिहितेय.

माफ नाहीये. २०१४ च्या प्रॉप ४७ नंतर (प्रॉप म्हणजे मतदारांनी थेट मत देऊन पास केलेला कायदा) ९५० डॉलरच्या आतली दुकानातली चोरी सहसा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, न राहता मिसडिमिनर, म्हणजे किरकोळ गुन्हा, झाली, तरी सहा महिन्यांपर्यंत जेल होऊ शकते. टेक्सस कडक म्हणतात ना, तिथे फेलनीची रेषा २५०० डॉलरवर आहे!

आणि इथल्या सनीवेल शहरात १२ जून २०२४ ला आपल्या पीएनजी ज्वेलर्सच्या दुकानात तोंडं झाकलेले वीसेक जण हातोडे घेऊन घुसले, त्याचा या ९५० शी काडीचा संबंध नाही. तो आधीपासूनच मोठा गुन्हा आहे.

पण प्रॉब्लेम खरा आहे. मी इथे कॅलिफोर्नियात एका फार्मसीच्या काउंटरवर दोन वर्षं काम केलंय. एक माणूस यायचा, बॅगेत फक्त बेबी फॉर्म्युला (बाळाची दूध पावडर) आणि रेझर भरायचा आणि चालता व्हायचा, आम्हाला अडवायचं नाही अशी सक्त ताकीद. एका घरात एवढा फॉर्म्युला कुठे लागतो? त्याला कोणीतरी यादी देऊन पाठवलेलं असणार, तो माल ऑनलाइन नाहीतर फ्ली मार्केटमध्ये अर्ध्या किमतीत जाणार, आणि ज्याच्या खिशात खरा पैसा जातो तो दुकानाची पायरीसुद्धा चढत नाही.

आपल्याकडे सोनसाखळीचोर पकडला की पोलीस पुढे सराफापर्यंत जातात, माल कोणी घेतला ते विचारतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा आपल्या कायद्यात वेगळा गुन्हाच आहे, आधी भारतीय दंड संहितेत कलम ४११, आता भारतीय न्याय संहितेत ३१७. मला इथे हेच हवं होतं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सह्या केलेल्या दहा कायद्यांमध्ये ते बरंचसं आलं. विकण्यासाठी ९५० डॉलरच्या वर चोरीचा माल बाळगला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, ९५० ची रेषा ओलांडली का ते बघताना वेगवेगळ्या दुकानांतल्या चोऱ्यांची बेरीज करायची मुभा, आणि पोलिसाने चोरी स्वतः बघितली नसली तरी व्हिडिओवरून अटक करता येते. ही शेवटची गोष्ट आमच्यासारख्या काउंटरवरच्यांसाठी फार मोठी आहे, कारण व्हिडिओ असायचा आणि तरी उपयोग नसायचा.

पण मग नोव्हेंबरमध्ये प्रॉप ३६ साधारण ६८ टक्क्यांनी पास झालं, त्यात आधी दोनदा चोरीत दोषी ठरलेल्याने तिसऱ्यांदा काहीही उचललं, कितीही किमतीचं, तरी फेलनी लागू शकते. हे मला पटलेलं नाही. मी ग्रीन कार्डवाली, मला मत नाही, पण असतं तर विरोधात दिलं असतं. भीतीचं वातावरणही तेव्हा तसंच होतं, रिटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने निम्मं नुकसान संघटित चोरीमुळे होतं असं छापलं होतं, तो दावा डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनाच मागे घ्यावा लागला, पण मागे घेतल्याचा मेसेज कोणी फॉरवर्ड केला का?

आमच्या दुकानात एक म्हातारा यायचा, नशेत असायचा, सँडविच आणि मोजे उचलायचा. यादीवाल्या माणसाला आणि या म्हाताऱ्याला एकाच फेलनीत बसवायचं हे मला कोणीतरी समजावून सांगा. कमेंटमध्ये सांगा, खरंच वाचेन.