एक बोट कायम मागच्या पानात

जाड कादंबरी आडवं पडून वाचायची असा आपला साधा नियम आहे. पण डॉन क्विझोट (सरव्हांटेसची जुनी स्पॅनिश कादंबरी, सरदारांच्या गोष्टी वाचून वाचून स्वतःला सरदार समजणाऱ्या म्हाताऱ्याची) असा वाचताच येत नाही, एक बोट चालू पानात, दुसरं मागच्या टिपांमध्ये, मग पुस्तक धरायचं कशाने आणि चहा कुठल्या हाताने प्यायचा?

हा म्हातारा, म्हणजे डॉन क्विझोट, दर दोन वाक्यांनी जुन्या गोष्टींतल्या कुठल्यातरी सरदाराचं नाव काढतो. न्हाव्याचं पितळी भांडं डोक्यावर घालून म्हणतो, हे मॅम्ब्रिनोचं शिरस्त्राण! कोण मॅम्ब्रिनो? जा मागे. मूर राजा, त्याचं शिरस्त्राण रिनाल्डोने जिंकलेलं. आता रिनाल्डो कोण? शार्लमेन राजाचा सरदार. परत येईपर्यंत मुळात न्हावी कुठून आला होता तेच विसरलो.

डोंगरातला प्रसंग तर कहर आहे. गोष्टींतला रोलांड नावाचा सरदार प्रेमभंगाने वेडा होऊन झाडं उपटत सुटला होता, आणि दुसरा सरदार अमादीस (याची कादंबरी 1508 साली छापलेली, तेव्हाची एकदम हिट) प्रेयसीने झिडकारलं म्हणून नुसता रडत तप करत बसला. आता आपण कुणाची कॉपी मारायची यावर आपला म्हातारा चक्क विचार करतो आणि कमी मेहनतीचा म्हणून अमादीस निवडतो, तेही चड्डी काढून दोन कोलांट्या मारून झाल्यावर. त्याचा नोकर सांचो विचारतो की तुम्हाला वेडं व्हायला कारण काय, तर म्हणे विनाकारण वेडं होण्यातच खरी मजा! इथे टीप लागली नाही, पोट धरून हसलो.

खरी चिडचिड वेगळीच आहे. 1605च्या पहिल्या भागात एक खानावळवाला सांगतो की सुगीच्या दिवसांत कापणीवाले त्याच्याकडे जमतात, वाचता येणारा एक जण असल्याच सरदारांच्या गोष्टी मोठ्याने वाचतो आणि तीसेक जण भोवती बसून ऐकतात. त्यांना कुठे टिपा होत्या? आपल्याकडे उशिरा उठणाऱ्याला आई कुंभकर्ण म्हणते, तेव्हा खाली कुणी बारीक अक्षरात लिहितं का की हा रावणाचा भाऊ? म्हणजे त्या अडाणी शेतमजुरांना जे ऐकून पाठ होतं त्यासाठी मी रात्री साडेअकराला चष्मा शोधतोय.

त्या खानावळवाल्याची बायको म्हणते, वाचन चालू असतं तेवढाच वेळ घरात शांतता, कारण नवरा ऐकण्यात गुंग होऊन भांडायचं विसरतो. आमच्याकडे मी सारखी मागे-पुढे पानं फडफडवतो म्हणून बायको उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला गेलीये.