लंडन १९५२ : सगळं फ्लूवर ढकललं

डिसेंबर १९५२मधल्या लंडनच्या स्मॉगबद्दल, म्हणजे धूर मिसळलेल्या विषारी धुक्याबद्दल, लिहिताना कारखान्यांच्या चिमण्या हमखास रंगवल्या जातात. माझा रोख घराघरातल्या फायरप्लेसवर आहे. उघड्या जाळीवर ताजा दगडी कोळसा टाकला की पेट घेण्याआधी त्यातून डांबरी वायू सुटतात. आच पुरेशी नसली की ते न जळताच काळा धूर होऊन धुराड्याबाहेर पडतात. रात्रभर विस्तव राहावा म्हणून वर चुरा थापला, की तो सकाळपर्यंत नुसता धुमसतो. त्यात चांगला कोळसा परकीय चलनासाठी निर्यात होत होता, घरगुती कोळशाला रेशन होतं. ‘नटी स्लॅक’ हा चुऱ्याचा हलका माल सरकारने रेशनमुक्त केला, तो नेमका डिसेंबरच्या सुरुवातीला. मुहूर्त बघा!

५ डिसेंबरला वारा पडला आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसलं. घरांची धुराडी त्या झाकणाच्या बरीच खाली, त्यामुळे धूर गल्लीतच साचला. कोळशातल्या गंधकाचा वायू धुक्याच्या थेंबांत विरघळून सल्फ्युरिक आम्ल तयार झालं. ९ तारखेपर्यंत लोक तेच श्वासात घेत होते. लंडनमधल्या अर्ल्स कोर्टच्या जनावरांच्या प्रदर्शनातली गुरं दगावल्याची बातमी आधी आली, माणसांचा हिशोब नंतर लागला.

तो हिशोबही अर्धवट. सुरुवातीला सुमारे ४,००० मृत्यू धरले गेले. पुढचे दोन-तीन महिने मृत्यूंचं प्रमाण चढंच होतं, ते सरकारने इन्फ्लुएंझाच्या खात्यावर टाकलं. अर्ध्या शतकानंतर तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा अंदाज १२,०००च्या आसपास गेला. आणि हे अनपेक्षित होतं असंही म्हणता येत नाही. १९३०मध्ये बेल्जियमच्या म्यूज खोऱ्यात असंच होऊन ६०हून जास्त माणसं गेली, तेव्हाच फिर्केट या डॉक्टरांनी लंडनमध्ये हे घडलं तर ३,००० वर मृत्यू होतील असं गणित मांडलं होतं. चक्क लंडनचं नाव घेऊन.

या स्मॉगनंतर ब्रिटनने केलेल्या १९५६च्या क्लीन एअर ॲक्टमधला (स्वच्छ हवेच्या कायद्यातला) धूरबंदी क्षेत्रांचा भाग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नुसती बंदी नाही, तर जुनी जाळी बदलून कोकसारखं (भाजून वायू काढून टाकलेल्या कोळशासारखं) बिनधुराचं इंधन वापरता यावं म्हणून घरमालकाला खर्चातला मोठा वाटा अनुदान म्हणून मिळत होता. मात्र ही क्षेत्रं हळूहळू वाढली, म्हणून डिसेंबर १९६२ला पुन्हा शेकडो बळी गेले. शिवाय कायद्याचा भर काळ्या धुरावर होता. गंधकासाठी उपाय काढला तो उंच चिमण्यांचा. झाकण भेदून तो वायू वर गेला, वाऱ्याबरोबर उत्तर समुद्र ओलांडला आणि दक्षिण नॉर्वेच्या तळ्यांत आम्लवर्षा होऊन उतरला. तिथले मासे मेले.