एव्हरेस्टवर ‘एकट्याने’ कसं चढावं

शाल आली, नारळ आला, प्रमुख पाहुणेही वेळेवर आले. आता फक्त तुमचं भाषण उरलं आहे. नुकतंच असं एक भाषण मी शेवटपर्यंत बसून ऐकलं. त्यातून पदरात पडलेलं ज्ञान होतकरू एव्हरेस्टवीरांपुढे ठेवतो. शिखर कसं चढावं हा विषय यात नाही, त्याची व्यवस्था कंपनी करते. उतरून आल्यावर काय बोलावं, ते महत्त्वाचं.

सगळ्यात आधी वाक्यातला कर्ता सांभाळा. ‘दोर बांधले गेले.’ ‘तंबू लागले.’ ‘बर्फ वितळवून पाणी तयार झालं.’ ‘ऑक्सिजनची नळकांडी साउथ कोलच्या खिंडीत पोचली होती.’ खुंबूच्या हिमप्रपातात अॅल्युमिनियमच्या शिड्या दर वसंतात आपसूक उगवतात, आणि हिमनदी सरकून त्या वाकल्या की स्वतःच सरळ होतात. पहाटेच्या अंधारात शिड्या-दोर घेऊन तिथे उभे असलेले ‘आइसफॉल डॉक्टर’ नावाचे शेर्पा बहुधा फिरायला आलेले असावेत. कर्ता एकदम शेवटी आणायचा: ‘आणि मी शिखरावर पाऊल ठेवलं!’ टाळ्या.

फोटो कडेने कातरून घ्या. खांद्यावर कुणाचा तरी केशरी हातमोजा राहिला तर लोक उगाच चौकशा करतात.

बक्षिसी शिखर गाठलं तरच द्या. वारं सुटलं, हा शेर्पाचाच दोष.

बॅग भरताना मन मोठं ठेवा. नेपाळात ट्रेकच्या पोर्टरला ३० किलोंची मर्यादा सांगतात. दोघांच्या बॅगा एकत्र बांधून एकाच्या पाठीवर जातात, त्यात तुमची सात-आठ किलोंनी फुगली तर तो काय बोलणार आहे? कपाळावर ओझं पेलणारा नाम्लोचा पट्टा ताणलेला असताना माणसाला मानही वर करता येत नाही. शिवाय हे लोक काटक असतात, हे वाक्य भाषणात हवंच. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या नामचे गावाच्या बाजाराला जाणाऱ्या हमालांची वजनं शास्त्रज्ञांनी मोजली होती. २००५ साली छापून आलेला आकडा असा, की पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं वाहत होते. लॉजमधली तुमची बिअर, गॅस, प्लायवूड, सगळं असंच चढतं. यातले कितीतरी जण खालच्या डोंगरांतल्या राई, तामांग, मगर या जमातींचे. उंचीवर त्यांचंही डोकं तुमच्यासारखंच फुटतं, त्यांच्याही फुफ्फुसात पाणी होतं. फरक एवढाच की तुम्हाला न्यायला हेलिकॉप्टर येतं आणि त्याला मजुरी चुकती करून एकट्याला खाली पाठवल्याची उदाहरणं आहेत. पण काटक असतात हो.

इतिहास सांगायचाच तर बेताने सांगा. १९५३, हिलरी, तेनझिंग, बस. १९२२ साली एव्हरेस्टच्याच नॉर्थ कोल खिंडीच्या उतारावर हिमलोटात सात भारवाहक गेले आणि साहेब वाचले, हे सत्कारात शोभत नाही. १९५३ मध्येच काठमांडूच्या ब्रिटिश दूतावासात साहेबांना खोल्या आणि शेर्पांना गॅरेज मिळालं, शौचालय नाहीच, म्हणून शेर्पांनी सकाळी समोरच्या रस्त्यावर लघवी करून निषेध नोंदवला, हेही नको. १९५४ ला के-टूवर, म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर, आमीर महदी या भारवाहकाने ऑक्सिजनची नळकांडी आठ हजार मीटरच्या वर वाहून नेली, तंबूशिवाय रात्र काढली आणि दोन्ही पायांची बोटं गमावली. शिखरावर फोटो दुसऱ्यांचे निघाले.

आता प्रश्नोत्तरं. इथे सावध राहा. त्या दिवशी मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, ‘सर, तुमच्या शेर्पाचं नाव काय?’ सर हसले. ‘पासांग की पेंबा, असंच काहीतरी. त्यांची नावं सगळी सारखीच हो!’ सभागृहही हसलं.

सारखीच असतात, खरं आहे. वारांवरून ठेवतात. पासांग शुक्रवारचा, पेंबा शनिवारचा. ज्याने तुमचं नळकांडं बदललं, तुमच्या बुटांना बर्फात रुतणारे क्रॅम्पॉनचे खिळे बांधून दिले, तुम्ही दमून बसलात तेव्हा कॉलर धरून उठवलं, तो शुक्रवारी जन्मला की शनिवारी, एवढंही तुम्हाला ठाऊक नाही? मग दुसरे वार ऐका. १८ एप्रिल २०१४, हाही शुक्रवारच. खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी माणसं मेली. बहुतेकांच्या पाठीवर वरच्या कॅम्पांचं सामान होतं. ग्राहकांपैकी एकही नाही, कारण ते अजून निघायचे होते. सरकारने घरच्यांना देऊ केले ४० हजार नेपाळी रुपये. २७ जुलै २०२३, के-टूचा बॉटलनेक. मुहम्मद हसन नावाचा पोर्टर त्या चिंचोळ्या वाटेवर पडला. त्याच्याकडे धड पिसं भरलेला उबदार डाऊन सूटही नव्हता, असं तिथल्या गिर्यारोहकांनी नंतर सांगितलं. काहींनी थांबून मदत केली, पण रांग त्याला ओलांडून शिखराकडे सरकत राहिली. शिखरावर त्या दिवशी आनंदीआनंद होता. मेलेल्या हसनला तीन मुलं होती.

आणि आपण हसतो. त्या सभागृहात हसलेल्या प्रत्येकाला मी विचारतोय, यात हसण्यासारखं काय होतं?

सल्ले संपले, आता सरळ बोलतो. एव्हरेस्टच्या परवान्याचेच आज १५ हजार डॉलर मोजता, त्यासाठी गावभर वर्गणी मागता, प्रायोजकाचं फडकं शिखरावर फडकवता. मग कंपनी निवडताना पोर्टरचा विमा किती रकमेचा आहे, हे विचारायला जीभ का जड होते? स्वस्तातली मोहीम स्वस्त कशी झाली, हा हिशेब कधी मागितलात? तुमच्या ऑक्सिजनला तिथे कुणी हात लावत नाही. कापतात ते पोर्टरचे बूट, त्याचं जाकीट, त्याची मजुरी. एवढी ऐपत नसेल तर जाऊ नका, कुणी आमंत्रण दिलेलं नाही. आणि व्यासपीठावर उभे राहाल तेव्हा तुमच्या शेर्पाचं नाव घ्या, पूर्ण नाव, गावासकट. आठवत नसेल तर आदल्या दिवशी फोन लावा, मोबाइल त्याच्याकडेही असतो. नंबरही घेतला नसेल तर शाल परत करा.